प्यादं कोण, खेळाडू कोण?

जगात कुठंही युद्ध पेटलं की चोवीस तासांच्या आत आपल्या फोनवर बुद्धिबळाचा पट मांडला जातो. थंबनेलवर एका बाजूला अमेरिकेचा अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला रशियाचा किंवा चीनचा, मध्ये लाल बाण आणि खाली ठळक अक्षरांत ‘खरा गेम वेगळाच आहे’. मग वीस मिनिटं एक आत्मविश्वासू आवाज समजावून सांगतो की ज्या देशात बॉम्ब पडतायत तो देश म्हणजे फक्त प्यादं. खेळणारे दुसरेच. फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड येतो, त्यातही हेच. आणि त्याच्या खाली कुणीतरी शहाणपणाचा शेवटचा शब्द टाकतो : दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. आपण पॉपकॉर्न घेऊन बसावं.

माझं भांडण या पटाशी आहे आणि त्या पॉपकॉर्नशीही. हा पट दिसायला हुशार आहे, पण तो अर्धवट आहे. महासत्ता छोट्या देशांना वापरतात हे खरंच आहे, ते नाकारायला मी बसलेलो नाही. पण त्याची उलट बाजू कुणी सांगत नाही. छोटं, स्थानिक, एका डोंगराळ द्वीपकल्पापुरतं युद्धसुद्धा महासत्तांमधलं वैर घडवतं, वाढवतं, त्याला पगारी नोकर आणि कायमचा पत्ता मिळवून देतं. युद्ध थांबतं, तो पत्ता तसाच राहतो. आणि त्याचं बिल ज्यांनी ते युद्ध नकाशावरही शोधलेलं नसतं त्यांच्या दारात येतं. आपल्याही आलेलं आहे.

हे हवेत बोलण्यात अर्थ नाही. म्हणून एकच उदाहरण नीट बघू : कोरिया, १९५० ते १९५३.

अर्ध्या तासाची रेघ

ऑगस्ट १९४५. जपान शरण येण्याच्या बेतात आहे. कोरिया पस्तीस वर्षं जपानच्या ताब्यात होता. सोव्हिएत फौजा उत्तरेकडून आत शिरतायत. वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकन अधिकाऱ्यांना रात्री सांगितलं गेलं, जपान्यांची शरणागती कुणी कुठं घ्यायची याची हद्द ठरवा. त्यांनी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा समोर ठेवला आणि साधारण अर्ध्या तासात अडतिसाव्या अक्षवृत्तावर बोट ठेवलं. कोरियन माणसाला कुणी विचारलं नाही. सोव्हिएत बाजूनं मान्य केलं.

इथपर्यंत पटवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण पुढं बघा. १९४८ मध्ये दक्षिणेत सिंगमन री आणि उत्तरेत किम इल-सुंग अशी दोन सरकारं बसली. दोघांचाही दावा संपूर्ण कोरियावर. दोघांनाही देश एक करायचा होता, आणि दोघांनाही तो स्वतःच्या हाताखाली एक करायचा होता. १९४८ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा परत गेल्या, जून १९४९ पर्यंत अमेरिकन लढाऊ तुकड्याही गेल्या. ‘खेळाडू’ उठून गेले होते. रेघेवर मात्र गोळीबार चालूच होता. दक्षिणेत जेजू बेटावरच्या उठावात १९४८ पासून हजारो माणसं मारली गेली, बहुतेक आपल्याच सरकारच्या हातून. म्हणजे २५ जून १९५० ला जे सुरू झालं त्याच्या मुळाशी घरातलं रक्त आधीच सांडलेलं होतं.

आता प्यादं काय करतं ते बघा. मार्च १९४९ मध्ये किम मॉस्कोला गेला आणि स्टालिनकडं दक्षिणेवर हल्ल्याची परवानगी मागितली. स्टालिननं नकार दिला. किमनं विषय सोडला नाही. पुढचे दहा महिने तो सोव्हिएत राजदूताच्या मागं लागला होता. मधल्या काळात सोव्हिएत अणुबॉम्बची चाचणी झाली, चीनमध्ये माओ जिंकला, आणि १२ जानेवारी १९५० ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन यांनी जाहीर भाषणात पॅसिफिकमधली आपली संरक्षण-रेषा सांगितली. तिच्यात कोरिया नव्हता. जानेवारीच्या अखेरीस स्टालिनचं मन वळलं. पण त्यानं अट घातली : माओची संमती घे, अडचणीत आलास तर मदत त्याच्याकडं माग. मे महिन्यात किम बीजिंगला गेला आणि ती संमतीही घेऊन आला.

दोन महासत्ता एका तरुण नेत्याला पुढं ढकलतायत असं चित्र यात कुठं दिसतं? दिसतो तो एक महत्त्वाकांक्षी माणूस, जो एका थोराला सांगतो की दुसरा थोर तयार आहे. दक्षिणेत री हेच करत होता. त्याला उत्तरेवर चालून जायचं होतं, म्हणून तर अमेरिकेनं त्याला रणगाडे देताना हात आखडता घेतला. स्टालिनचा दोष यानं कमी होत नाही. परवानगी त्याची होती, रणगाडे त्याचे होते, हल्ल्याच्या आराखड्यावर त्याच्या अधिकाऱ्यांचा हात फिरला होता. पण आग लावायची हौस स्थानिक होती. पटाच्या गोष्टीत ही हौस गायब होते, आणि तिच्याबरोबर किमची आणि रीची जबाबदारीही गायब होते. ‘आम्ही तर प्यादी’ ही सबब हुकूमशहांना फार सोयीची असते. ती आपण त्यांना फुकटात का पुरवावी?

टेबलावर पडलेला कागद

आता मुख्य मुद्दा. एप्रिल १९५० मध्ये, म्हणजे युद्धाच्या दोन महिने आधी, ट्रूमन यांच्या टेबलावर एक गोपनीय अहवाल आला. त्याचं नाव एनएससी-६८. मुख्य लेखक पॉल नित्झे. त्यात म्हटलं होतं की सोव्हिएत धोका जगभर आहे, त्याला लष्करी ताकदीनं उत्तर द्यायला हवं आणि त्यासाठी प्रचंड पैसा लागेल. ट्रूमन यांना तो पटकन पचला नाही. त्यांना संरक्षणखर्च कमी ठेवायचा होता. तो तेव्हा साधारण १३ अब्ज डॉलर होता. त्यांनी कागद परत पाठवला : आधी याचा खर्च सांगा.

शीतयुद्ध तोवर नव्हतं का? होतं. बर्लिनची कोंडी १९४८ ची. नेटोचा करार एप्रिल १९४९ चा. पण नेटो तेव्हा मुख्यतः कागदावरचं वचन होतं. एकत्र सेनापती नाही, एकत्र मुख्यालय नाही. मार्शल योजना पैशाची होती. वैर होतं, पण ते युरोपपुरतं आणि बरंचसं राजकीय होतं. शहाण्या माणसांना अजून मागं फिरायला वाट होती.

२५ जूनला किमचे रणगाडे रेघ ओलांडून आले आणि ती वाट बुजली. सप्टेंबरअखेर ट्रूमन यांनी एनएससी-६८ ला धोरण म्हणून मान्यता दिली. १९५३ पर्यंत अमेरिकेचा संरक्षणखर्च ५० अब्जांच्या आसपास गेला, जवळजवळ चौपट. हा सगळा पैसा कोरियात गेला नाही. मोठा भाग युरोपातल्या फौजांवर, अणुबॉम्बांवर, विमानतळांवर, कारखान्यांवर गेला. डिसेंबर १९५० मध्ये नेटोला एकत्र लष्करी रचना मिळाली आणि आयझेनहॉवर सरसेनापती झाले. पश्चिम जर्मनीच्या हातात पुन्हा शस्त्र द्यायची चर्चा, जी पाच वर्षांपूर्वी पाप वाटली असती, ती उघड सुरू झाली. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नेटोत आला, आणि काही दिवसांतच वॉर्सा करार झाला. अ‍ॅचिसन यांनी पुढं स्वतःच कबुली दिल्यासारखं म्हटलं होतं की कोरिया आला आणि त्यानं आमचं काम वाचवलं.

विचार करा. सेऊलमध्ये माणसं पूल उडवल्यामुळं नदीकाठी अडकलीयत, आणि दुसऱ्या खंडात एका अडकलेल्या फाईलचं काम मार्गी लागतंय. प्रादेशिक युद्ध महासत्तांचं वैर वाढवतं ते असं. ते संशयाला पुरावा पुरवतं. ‘शत्रू कुठंही, कधीही हल्ला करेल’ असं म्हणणारा माणूस काल अतिरेकी वाटत होता. आज तो द्रष्टा ठरतो. आणि जो ‘थांबा, जरा हिशेब बघू’ म्हणत होता, तो भोळा किंवा गद्दार. दोन्ही राजधान्यांत एकाच आठवड्यात हेच होतं. जहालांना एकमेकांची गरज असते. युद्ध त्यांची गाठ घालून देतं.

दोन दिवसांत बदललेला समुद्र

दुसरं उदाहरण आजच्या बातम्यांतलंच आहे, फक्त त्याचा वाढदिवस आपण विसरलोय. ५ जानेवारी १९५० ला ट्रूमन यांनी जाहीर केलं होतं की तैवानवर पळून गेलेल्या च्यांग काय-शेकला अमेरिका लष्करी मदत देणार नाही, चीनच्या यादवीत पडणार नाही. माओची फौज तैवानवर उतरायची तयारी करत होती. युद्ध सुरू झाल्यावर दोनच दिवसांनी, २७ जूनला, त्याच ट्रूमन यांनी सातवं आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत पाठवलं. त्याच निवेदनात इंडोचायनात लढणाऱ्या फ्रेंचांना वाढीव मदतही होती. म्हणजे पुढं व्हिएतनाम ज्या वाटेनं गेलं, त्या वाटेवरची एक पाटी त्या दिवशी रोवली गेली.

कोरियातल्या हल्ल्याचा आणि तैवानचा संबंध काय? भूगोलानं काही नाही. पण युद्धात भीती भूगोल पाळत नाही. एका ठिकाणी गमावलं तर सगळीकडं पत जाईल, हा तो हिशेब. एकदा पत पणाला लागली की त्या जागेची खरी किंमत किती हा प्रश्नच उरत नाही. आज तैवानची सामुद्रधुनी जगातल्या सगळ्यात धोकादायक जागांपैकी एक आहे. ती तशी झाली याची एक तारीख सांगता येते, आणि ती तारीख कोरियातल्या एका लढाईनं ठरवली.

चीन-अमेरिका वैराचंही तेच. सप्टेंबर १९५० मध्ये मॅकआर्थर इंचॉनला उतरले, युद्ध फिरलं, आणि अडतिसाव्या रेघेवर थांबायचं की पुढं जायचं हा प्रश्न आला. ३ ऑक्टोबरच्या पहाटेआधी, मध्यरात्री, चौ एन-लाय यांनी बीजिंगमधले भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की अमेरिकन फौजा रेघ ओलांडून आल्या तर चीन युद्धात उतरेल. भारतानं निरोप पोचवला. वॉशिंग्टननं तो उडवून लावला. पणिक्कर चीनच्या बाजूला झुकलेले आहेत, ही पोकळ धमकी आहे, असं तिथं मानलं गेलं. १९ ऑक्टोबरला चिनी फौजा यालू नदी ओलांडू लागल्या. एका वर्षापूर्वी जन्मलेला चीन आणि अमेरिका आता एकमेकांची माणसं मारत होते. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षाला बीजिंगला जायला फेब्रुवारी १९७२ उजाडला. एकवीस वर्षांहून जास्त.

हा मध्यरात्रीचा निरोप मला या सगळ्यातला सगळ्यात कडू भाग वाटतो. वैर इतकं वाढलं होतं की खरी माहिती फक्त ती आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघून नाकारली गेली. ‘तू आमच्या बाजूचा आहेस का?’ हा प्रश्न ‘हे खरं आहे का?’ या प्रश्नाच्या आधी विचारला गेला. आज प्रत्येक कमेंट सेक्शनमध्ये हाच क्रम आहे.

प्यादं मालकाला ओढतं

युद्ध जसं लांबतं तसा आणखी एक बदल होतो. थोरांना बाहेर पडायचं असतं, पण त्यांचे धाकटे मित्र त्यांना बाहेर पडू देत नाहीत. आणि कधी एखाद्या थोरालाच युद्ध लांबलेलं हवं असतं. कोरियात दोन्ही झालं.

१० जुलै १९५१ ला बोलणी सुरू झाली. आघाडी तोवर जवळपास सुरुवातीच्याच रेघेपाशी येऊन थांबली होती. सेऊल चारदा हातांतून हातांत गेलं होतं. जिंकण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी शस्त्रसंधी व्हायला २७ जुलै १९५३ उजाडला. स्टालिनला घाई नव्हती. अमेरिका कोरियात अडकून पडलेली त्याला सोयीची होती, आणि मरणारे रशियन नव्हते. सोव्हिएत वैमानिक मिग-१५ घेऊन लढत होते खरे, पण दुसऱ्याच्या खुणा रंगवलेल्या विमानांत. अमेरिकनांना हे कळलं होतं. दोघंही गप्प राहिले, कारण उघड बोलले असते तर तिसरं महायुद्ध समोर होतं. आपल्या शहरांवर संकट येऊ नये एवढं शहाणपण दोघांकडंही होतं. ते शहाणपण कोरियाच्या शहरांपर्यंत पोचलं नाही. अमेरिकन विमानांनी कोरियावर ६ लाख ३५ हजार टन बॉम्ब टाकले, त्याशिवाय ३२ हजार टनांहून जास्त नापाम. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या सबंध आघाडीवर अमेरिकेनं टाकले त्यापेक्षा हे जास्त. कोरियन मृतांचा अंदाज वीस ते तीस लाखांचा आहे. अमेरिकन सुमारे ३६ हजार. चिनी, लाखांत.

मार्च १९५३ मध्ये स्टालिन मेला आणि गाडं हललं. तेव्हा धाकटा मित्र आडवा आला. शस्त्रसंधी तोंडावर असताना १८ जूनला सिंगमन री यानं सुमारे २७ हजार उत्तर कोरियन कैद्यांना छावण्यांचे दरवाजे उघडून सोडून दिलं, बोलणी मोडावीत म्हणून. अमेरिका संतापली. पण त्याला शांत करण्यासाठी तिनं काय दिलं? परस्पर संरक्षण करार. अमेरिकन सैन्य आजही तिथं आहे. आणि त्या शस्त्रसंधीवर दक्षिण कोरियाची सही आजही नाही.

आता सांगा, प्यादं कोण होतं आणि खेळाडू कोण?

आपल्या दारात आलेलं बिल

‘बरं, पण आपल्याला काय?’ म्हणणाऱ्यांसाठी हा भाग.

कोरियानंतर अमेरिकेला जगभर मित्र, तळ आणि करार हवे झाले. साम्यवादाला वेढा घालायचा तर आशियात माणसं पाहिजेत. पाकिस्तान तयारच होता. त्याला शस्त्रं हवी होती, आणि ती कुणाविरुद्ध वापरायची हे त्याच्या मनात पक्कं होतं. मे १९५४ मध्ये अमेरिका-पाकिस्तान लष्करी मदतीचा करार झाला, त्याच वर्षी सप्टेंबरात सिएटो, पुढच्या वर्षी बगदाद करार. कोरियाच्या आकाशात मिगशी लढून नाव कमावलेलं सेबर विमान पाकिस्तानच्या हवाई दलात आलं. पॅटन रणगाडे आले. १९६५ मध्ये खेमकरणच्या उसाच्या शेतांत जे पॅटन रणगाडे आपल्या जवानांसमोर आले, ते सोव्हिएत फौजेसाठी बनले होते. अब्दुल हमीद यांच्या शौर्याची गोष्ट आपण शाळेत वाचतो. तो रणगाडा तिथवर कुठल्या रस्त्यानं आला हे कुणी सांगत नाही. त्या रस्त्याचा एक मोठा टप्पा कोरियातून जातो. आपण पुढं सोव्हिएत शस्त्रांकडं वळलो, त्यातही या रस्त्याचा हात आहे. एका युद्धानं दोन शेजाऱ्यांचं जुनं भांडण दोन महासत्तांच्या भांडणात गुंफून टाकलं.

आणि हे फक्त आजोबांच्या काळातलं म्हणू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर चढाई केली तेव्हा आपल्याकडं काय सुरू होतं ते आठवा. स्वस्त तेल मिळतंय, मजा आहे. मग? तिथं शिकणारी आपली हजारो मुलं तळघरांतून आणि बर्फातून चालत सीमेवर आली. त्यांत महाराष्ट्रातली मुलंही होती. नोकरीच्या आमिषानं रशियात गेलेले काही भारतीय तरुण आघाडीवर पाठवले गेले, काही मेले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, रशियन तेल घेता म्हणून, अमेरिकेनं आपल्या मालावर आणखी पंचवीस टक्के आयातशुल्क लावलं. आधीचं धरून पन्नास. कापड शिवणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या, हिरे घासणाऱ्या माणसांनी दोनबास कधी नकाशात पाहिलं नसेल. तिसऱ्याचा लाभ तो हाच का?

युक्रेनमध्ये पुन्हा तेच यंत्र फिरतंय. नेटोची भीती सांगून पुतिन यांनी युद्ध सुरू केलं. त्यामुळं २०२३ मध्ये फिनलंड आणि २०२४ मध्ये स्वीडन नेटोत गेले. जर्मनीनं फौजेसाठी शंभर अब्ज युरोंचा निधी काढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियानं अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट करारातला आपला सहभाग स्थगित केला. आणि जून २०२४ मध्ये पुतिन प्याँगयांगला गेले, तिथं किम इल-सुंगच्या नातवाबरोबर परस्पर संरक्षणाचा करार केला. पुढं उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या कुर्स्क भागात लढले. दक्षिण कोरियाचे रणगाडे आणि तोफा पोलंड विकत घेतोय. १९५० मध्ये ज्या रेघेवर युद्ध सुरू झालं तिच्या दोन्ही बाजू आज युरोपातल्या युद्धाला दारूगोळा पुरवण्याच्या धंद्यात आहेत. ते युद्ध संपलं असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय संपलं?

‘पण भीतीनं शहाणपणही येतं ना?’

हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून टाळत नाही. १९६२ च्या क्यूबा संकटानंतर वॉशिंग्टन आणि मॉस्कोमध्ये हॉटलाइन आली, पुढच्या वर्षी अणुचाचण्यांवर अंशतः बंदी आली. १९५६ मध्ये सुएझवर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल चालून गेले, तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांनीही त्यांना माघार घ्यायला लावली. मग प्रत्येक संकट वैर वाढवतंच असं कसं म्हणता?

म्हणत नाहीच. पण फरक बघा. क्यूबात बॉम्ब स्वतःच्या शहरांवर पडणार होते. केनेडी आणि ख्रुश्चेव्ह या दोघांच्या मुलाबाळांच्या डोक्यावर. शहाणपण तिथं आलं. कोरियात, व्हिएतनामात, अंगोलात, अफगाणिस्तानात किंमत दुसऱ्यानं मोजली, आणि तिथं शहाणपणाला वर्षानुवर्षं लागली. जेवढं युद्ध लांब, तेवढी चैन जास्त. आणि सुएझ दाखवतं की वाट असते. आपल्या मित्राला ‘थांब’ म्हणता येतं. आयझेनहॉवर यांनी स्वतःच्या दोस्तांना ते म्हटलं. स्टालिननं किमला मार्च १९४९ मध्ये म्हटलं होतं, जानेवारी १९५० मध्ये म्हटलं नाही. या दोन तारखांमध्ये लाखो माणसं आहेत. म्हणून ‘महासत्ता म्हटलं की हे होणारच’ हे वाक्य मला अनैतिक वाटतं. होणारच असं काही नव्हतं. कुणीतरी, कुठल्यातरी दिवशी, होकार दिला.

मधल्या जमिनीवरचं काम

मग आपण काय करायचं? पॉपकॉर्न नको म्हणजे एखाद्या गटाचा झेंडा खांद्यावर घ्यायचा का? नाही. कोरियात भारतानं तिसरी गोष्ट करून दाखवली, आणि ती कुंपणावर बसण्यापेक्षा फार वेगळी होती.

भारतानं लढायला फौज पाठवली नाही. पाठवली ती ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. जखमींवर उपचार करणारी तुकडी. सुरक्षा परिषदेत हल्लेखोर म्हणून उत्तर कोरियाचं नाव घ्यायला भारत कचरला नाही, आणि रेघेच्या पुढं जाऊ नका हे अमेरिकेला सांगायलाही कचरला नाही. मग बोलणी कैद्यांवर अडली. हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांना परत जायचं नव्हतं. त्यांचे देश म्हणत होते सगळे परत पाहिजेत. या एका मुद्द्यावर वर्षाहून जास्त काळ माणसं मरत राहिली. १९५२ च्या शेवटी कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांत तोडगा मांडला. सोव्हिएत प्रतिनिधी विशिन्स्की यांनी त्याची खिल्ली उडवली, चीननं फेटाळला. पुढच्या वर्षी जो तोडगा निघाला, तो साधारण त्याच वळणाचा होता.

परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक कैदी सांभाळायचं काम भारतीय फौजेवर आलं. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि छावण्या सांभाळणाऱ्या कस्टोडियन फोर्सचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. री यानं भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या जमिनीवर पाय ठेवू द्यायचं नाकारलं, म्हणून त्यांना जहाजावरून हेलिकॉप्टरनं थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. एक बाजू म्हणे हे साम्यवाद्यांचे मित्र, दुसरी म्हणे कैद्यांवर बळ वापरून त्यांना आमच्यासमोर का आणत नाही. शिव्या दोन्हीकडून. काम मात्र झालं.

त्या छावण्यांतले बहुतेक चिनी कैदी तैवानला गेले, कोरियन दक्षिणेत राहिले. एकवीस अमेरिकन सैनिकांनी चीनमध्ये राहायचं ठरवलं. आणि अठ्ठ्याऐंशी जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या. उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवान नको. ते १९५४ च्या फेब्रुवारीत भारतीय फौजेबरोबर जहाजात बसले आणि भारतात आले. पुढं बरेच जण ब्राझीलला, अर्जेंटिनाला गेले, काही इथंच राहिले.

पटावर या अठ्ठ्याऐंशी जणांना जागा नाही. पांढऱ्यांत नाहीत, काळ्यांत नाहीत. म्हणूनच मला तो पट चालत नाही. पुढचं युद्ध पेटेल तेव्हा फोनवर तोच लाल बाण येईल. तेव्हा ‘कोण जिंकतंय’ हे विचारायच्या आधी तीन प्रश्न विचारा : या युद्धामुळं कुणाच्या टेबलावरची अडकलेली फाईल पास होणार आहे? काल ज्याला ‘थांब’ म्हणता येत होतं, त्याला आज कोण म्हणत नाहीये? आणि मधल्या जमिनीवर काम करायला आपण कुणाला पाठवतोय?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणालाच नाही’ असं असेल, तर तटस्थतेचा अभिमान बाळगायचं कारण नाही. आपण मग फक्त गिऱ्हाईक आहोत, आणि बिल यायचं बाकी आहे.